आधी मूठ सोडा, मग देवाला विचारा

ऐरोलीतल्या आमच्या घरगुती प्रार्थनासभेत विनंत्या लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. आजारपणाच्या विनंत्या बाजूला काढल्या तर सगळ्यात जास्त येणारी विनंती एकच असते: "देवाची इच्छा कळावी म्हणून प्रार्थना करा." कुणाला तळोज्यात फ्लॅट बघायचाय, कुणाच्या मुलीला पुण्याचं स्थळ सांगून आलंय, कुणाला गल्फची ऑफर आहे. मी वहीत टिपून घेतो आणि हळूच विचारतो, "आणि तो नाही म्हणाला तर?" समोरचा माणूस एकदम चहाच्या कपात बघायला लागतो.

सगळी गोम तिथे आहे. देवाचं मार्गदर्शन मिळवायच्या युक्त्या सगळ्यांना हव्या असतात, पण निर्णय बहुतेक वेळा खिशात तयार असतो आणि त्यावर वरून सही तेवढी हवी असते. मूठ आवळलेली ठेवून विचारलं तर काहीही कानावर पडलं तरी ते आपल्याच मनासारखं ऐकू येतं. म्हणून आधी मूठ सोडायची आणि मग विचारायचं. हा क्रम उलटा केला की पुढचं सगळं बिघडतं.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. मूळचा श्रीरामपूर तालुक्यातला, रबाळ्याच्या एमआयडीसीत केमिकल प्लांटवर शिफ्ट ऑपरेटर होतो, आता निवृत्त आहे आणि मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, वडील (कारभार बघणारा ज्येष्ठ सभासद) म्हणून सेवा करतो. इथे जे सांगतोय ते मोठ्या धर्मज्ञानाचं नाही. कामावर, घरात आणि मंडळीत चालवून बघितलेलं आहे.

नको असलेलं उत्तर लिहून काढा

एक वही घ्या. मोबाईल नको, मधेच व्हॉट्सअ‍ॅप वाजतं. पानावर तीन ओळी लिहा. पहिली, मला काय हवंय. दुसरी, देवाच्या कुठल्या उत्तराची मला धास्ती वाटते. तिसरी, ते उत्तर आलं तर माझं नेमकं काय जाईल. पहिल्या दोन ओळी पटकन होतात. तिसरीला वेळ द्या, कारण तिथे माणूस स्वतःशीसुद्धा खोटं बोलतो.

आमच्या कंपनीनं युनिट गुजरातला, दहेजला हलवायचं ठरवलं तेव्हाचं माझं पान सांगतो. माझ्यापुढे दोन वाटा होत्या: शिफ्ट इनचार्ज होऊन दहेजला जायचं, नाहीतर हिशेब घेऊन घरी बसायचं. घरी आई अंथरुणाला खिळलेली, बायको ऐरोलीतच शाळेत शिकवणारी. मला दहेज हवं होतं. तिसऱ्या ओळीत मी आधी लिहिलं, "पगारवाढ जाईल." वाचून बघितलं तर ते काही खरं वाटेना, कारण दहेजला वेगळं बिऱ्हाड केलं असतं तर वाढलेला पगार त्यातच गेला असता. ते खोडलं आणि लिहिलं, "शिफ्ट इनचार्ज हे नाव जाईल. मेव्हण्याला सांगता येणार नाही." आमचा मेव्हणा सरकारी खात्यात अधिकारी आहे आणि दर नाताळात आमच्याकडे जेवायला येतो. ही ओळ लिहिताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या, म्हणजे ती खरी होती.

देवापुढे न्यायची ती ही ओळ. "प्रभू, माझ्या भवितव्याविषयी मार्ग दाखव" अशी गुळगुळीत प्रार्थना वर्षानुवर्षं करता येते आणि तिनं केसही वाकडा होत नाही. त्यापेक्षा असं म्हणा: "प्रभू, मला दहेजला जायचंय. मला ती खुर्ची हवीय. तू नाही म्हणालास तर मला राग येईल, हेही सांगतो. तरी ठरवायचं तू." हे उद्धटपणाचं वाटत असेल तर बायबलातल्या लूकच्या पुस्तकाचा २२ वा अध्याय उघडा. पकडला गेला त्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं आधी आपल्याला काय हवंय ते स्वच्छ सांगितलं, "हा प्याला (म्हणजे पुढ्यातलं मरण) माझ्यापासून दूर कर," आणि मग म्हटलं, "माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे." आपल्याकडची भाविक माणसं पहिलं वाक्य गाळून थेट दुसऱ्यावर उडी मारतात. पहिलं वाक्य गाळलं तर दुसऱ्यात सोडून द्यायला हातात काही उरतच नाही.

आणि हे एकदा करून संपत नाही. मत्तय सांगतो की येशूनं तीच प्रार्थना तीन वेळा केली. प्लांटवर शिफ्ट बदलताना जाणारा ऑपरेटर लॉगबुकात सगळं लिहितो, सही करतो आणि चार्ज देतो. एकदा चार्ज दिला की त्यानं व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, कितीही जाणता असला तरी. पण काही जण गेटपर्यंत जाऊन परत येतात, "जरा प्रेशर बघून जातो" म्हणतात. सकाळच्या प्रार्थनेत देवाला दिलेली गोष्ट आपण दुपारच्या डब्यापर्यंत अशीच परत मागायला जातो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पुन्हा द्यायची.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त सापडायला त्यानंतर काही वर्षं जावी लागली. संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेल्या बाईला एवढा वेळ लागला, तर एका उपास-प्रार्थनेत आपलं समर्पण पुरं झालं असं कुणी माईकवरून सांगितलं की मी हसू दाबतो.

जे सांगून झालंय ते पुन्हा विचारू नका

एका भावानं एकदा विनंती दिली: बिल्डर फ्लॅटची काही रक्कम रोखीत मागतोय, देवाची इच्छा कळावी. ती विनंती मी वहीत लिहिलीच नाही. त्याला म्हटलं, याचं उत्तर छापून मिळालंय, मीखा ६:८ वाच. न्यायानं वागणं, दया आवडणं, देवाबरोबर नम्रतेनं चालणं, यांसाठी वेगळं मार्गदर्शन मागायची गरज नाही. कुणाचा पगार अडवावा का, भाडेकराराच्या कागदावर खरा आकडा लिहावा का, भावाशी बोलणं बंद ठेवावं का, हेही त्याच खात्यातले प्रश्न. आईची औषधाची वेळ आणि प्रार्थनासभेची वेळ एकच झाली तर? आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशूनं मार्क ७ मध्ये चांगलंच सुनावलंय. औषध देऊन या. सभा थांबेल, नाही थांबली तरी चालेल.

हे सगळं बाजूला काढलं की खरोखर विचारण्यासारखे प्रश्न थोडेच उरतात. ते मात्र मोठे असतात.

कौल, चिठ्ठ्या आणि लोकर

आमचे कोकणातले शेजारी गावी जाऊन देवाला कौल लावतात. आपली माणसं त्यावर नाक मुरडतात आणि घरी येऊन डोळे मिटून बायबल उघडतात, बोट ठेवतात, डोळे उघडून वाचतात. यात आणि त्यात काय फरक, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

लगेच उत्तर येतं, "काका, पण गिदोनानं लोकर ठेवली होती." ठेवली होती ना. रात्री बाहेर ठेवलेली लोकर दवानं भिजली तर देव बोलल्याप्रमाणे करणार, अशी खूण त्यानं मागितली होती. शास्ते ६ पूर्ण वाचा. लोकर ठेवायच्या आधीच गिदोनाला काय करायचं ते स्पष्ट सांगून झालं होतं आणि "तू म्हटल्याप्रमाणे" असं तो स्वतःच म्हणतो. त्याला दिशा माहीत होती, धीर नव्हता. देवानं त्याच्या भित्रेपणाला सांभाळून घेतलं, पण म्हणून ती निर्णय घ्यायची रीत ठरत नाही. बारावा प्रेषित म्हणून मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली हेही खरं, पण ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरतो आणि त्यापुढे त्या पुस्तकात चिठ्ठ्यांनी कुणाची निवड झाल्याचं दिसत नाही.

नवी मुंबईत तर आम्हाला सिडकोची घरांची सोडत आयती मिळाली आहे. नाव लागलं की "प्रभूची इच्छा", नाही लागलं की "सैतानाचा अडथळा". हप्ता झेपेल का, तिथून कामावर पोचायला पहाटे किती वाजता निघावं लागेल, म्हाताऱ्या सासऱ्यांना तिथे दवाखाना जवळ आहे का, रविवारी उपासनेला यायला जमेल का, हे कागदावर मांडून बसणारे फार थोडे. बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, हे लूक १४ मध्ये येशूच म्हणतो.

यिर्मया २९:११ चं चित्रवचन तर सगळ्यांच्या स्टेटसवर असतं: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत. वचन खरंच आहे. फक्त त्याच्या वरची वचनं कुणी टाकत नाही. ते वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं आहे, ते पत्र बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्यांना लिहिलेलं आहे आणि दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याचं भलं चिंता. गाव सोडून इथे पोटासाठी आलेल्या माझ्यासारख्याला ही पाचवी ते सातवी वचनं अकराव्यापेक्षा जास्त कामाला आली. देवाची मोठी योजना कळेपर्यंत सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची मीटिंग चुकवू नये, एवढं त्यातून नक्की निघतं.

वचन ऐकायचं असेल तर एक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, रोज थोडं, निर्णय डोक्यावर असो वा नसो. फिलिप्पैकरांस पत्र घेतलं तर चार अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं. अडचण आली की मग वाचू म्हणणाऱ्याला त्यात अडचणच दिसते.

माहिती काढायला लाजू नका, माणसांना विचारायला तर नकोच

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्या लोकांची गाडी इथेच रुळावरून घसरते. माहिती काढली, हिशेब केला, चार जणांना विचारलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कुणीतरी डोक्यात भरवून ठेवलंय. बायबलातला नहेम्या बघा, परक्या राजाच्या दरबारातला यहुदी. यरुशलेमेसाठी तो उपास करतो, रडतो, प्रार्थना करतो. मग राजाकडून पत्रं मागून घेतो, लाकडाची सोय लावतो, आणि शहरात पोचल्यावर कुणाला काही न सांगता रात्री हिंडून कोट कुठे कुठे पडलाय ते डोळ्यांनी बघून येतो. त्याची प्रार्थना आणि त्याची पाहणी एकाच कामाची दोन टोकं आहेत.

मंडळीतला एक मुलगा, आयटीआय केलेला फिटर, संध्याकाळी घरी आला. बरोबर बायको, तिच्या कडेवर बाळ. बसायच्या आधीच म्हणाला, "काका, मला देवानं सांगितलंय. दोहाला जायचंय."

मी म्हटलं, "बरं. हिला सांगितलं का त्यानं?"

त्याची बायको बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाली, "मला एजंटानं सांगितलं काका. देव अजून काही बोललेला नाही."

आमच्या हिनं स्वयंपाकघरात हसू आवरलं नाही. मुलगा जरा खट्टू झाला. मी त्याला पाणी दिलं आणि वही काढली. एजंटाला किती द्यायचे? दीड लाख. कुठून? सासऱ्यांच्या गावाकडच्या ठेवीतून. करार वाचलास का? तिथे गेल्यावर मिळणार. मग आम्ही तिघांनी मिळून परराष्ट्र मंत्रालयाचं ई-मायग्रेट पोर्टल उघडलं. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटांची यादी तिथे असते. नियमाप्रमाणे एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचा एजंट यादीत नव्हता. मुलगा बराच वेळ स्क्रीन वरखाली करत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे देवाची इच्छा नाही?"

मी म्हटलं, "या माणसामार्फत तरी नाही, एवढं कळलं. दोहाचं अजून कळलेलं नाही."

नंतर तो नोंदणी असलेल्या एजन्सीतून गेला, करार इथेच वाचून, बायकोशी ठरवून. गुरुवारच्या सभेत व्हिडिओ कॉलवर प्रार्थना करतो आणि रेंज गेली की मधेच आमेन होतो.

सल्ला विचारताना माणसं निवडून घ्या. एक असा, ज्याचं तुमच्या निर्णयात काही जात-येत नाही. एक असा, जो तुम्हाला तोंडावर नाही म्हणायला कचरत नाही. माझ्यासाठी ती आमच्या महिला मंडळाची एक विधवा आजी आहे, वय झालंय पण जीभ शाबूत. आणि तिसरं, ज्याला तुमच्या निर्णयाचं ओझं उचलावं लागणार आहे ते. हे तिसरं माणूस सगळ्यात आधी विचारायचं आणि नेमकं तेच राहून जातं. पाळकसाहेबांना जरूर विचारा, पण त्यांच्याकडून हुकूम मागू नका. चांगला पाळक हुकूम देणार नाही, आणि देणारा भेटला तर जरा सावध राहा. "देवानं मला तुझ्याविषयी दाखवलंय" असं म्हणून कुणी तुमची नोकरी, लग्न किंवा पैसा ठरवायला लागलं तर नम्रपणे म्हणायचं, "मलाही दाखवू दे."

"देवानं मला सांगितलं" हे वाक्य घरात वापरताना दहादा विचार करा. ते उच्चारलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. आता तो तुमच्याशी वाद घालत नाही, देवाशी घालतो. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत झाला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या, आणि त्यापायी नवराबायकोची काही वर्षं ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या वेळेला. टिळकांना आलेली हाक खरी होती याबद्दल मला शंका नाही. तरी त्या हाकेची किंमत त्यांच्याबरोबर आणखी कुणी मोजली हे विसरू नये. अंत्युखियातल्या मंडळीनं उपास-प्रार्थना केली तेव्हा बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना पाठवायचं सगळ्यांनी मिळून ऐकलं. यरुशलेमच्या मंडळीनं पाठवलेल्या पत्रात तर शब्दच असे आहेत की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. "आम्हाला", "मला" नव्हे.

थांबायचं कसं

नाईट शिफ्ट करून आलेल्या माणसानं निर्णय घेऊ नये. हे मी मंडळीतल्या तरुणांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं यात आध्यात्मिक काय आहे. १ राजे १९ वाचा. एलीया संदेष्टा जीव घेऊन पळालेला, झुडपाखाली बसून मरण मागतो, आणि देव त्याला उपदेश करत नाही. आधी झोपू देतो, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, मग पुन्हा झोप, पुन्हा खाणं. प्रश्न विचारतो तो त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर.

लोयोलाच्या संत इग्नेशियसचा एक नियम आहे: मन काळवंडलेलं, कोरडं असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. तो सोळाव्या शतकातला कॅथलिक, मी नगरकडचा प्रोटेस्टंट, पण नियम सोळा आणे खरा आहे. राजीनामे आणि साखरपुडे मोडल्याचे फोन जास्त करून रात्री अकरानंतरच होतात. सकाळी पोहे खाऊन फोन करा.

वाट बघायला जागा लागते आणि आपल्याकडे ती नसते. वन रूम किचनमध्ये टीव्ही, कुकर आणि मुलांचा अभ्यास एकाच वेळी चाललेला असतो. मी लोकल वापरतो. ऐरोलीहून ठाण्याला जाताना मध्ये दिघा गाव आणि मग ठाणे, एवढा वेळ त्या तीन ओळी मनात म्हणायला पुरतो. दाराशी उभं राहायचं, डोळे उघडे ठेवायचे. कुणाला गच्ची बरी पडेल, कुणाला ठाण्याच्या तलावपाळीचा कठडा, कुणाला सगळे झोपल्यावरचा ओटा. जागा ठरलेली असावी, एवढंच.

किती थांबायचं? गणना ९ मध्ये रानातून चाललेल्या इस्राएल लोकांच्या निवासमंडपावरचा, म्हणजे देवाच्या तंबूवरचा, ढग कधी दोन दिवस थांबे, कधी महिना, कधी त्याहून जास्त, आणि तो उठेपर्यंत इस्राएल लोक तळ हलवत नसत. वेळापत्रक लोकांच्या हातात नव्हतं. पण त्या थांबलेल्या दिवसांतही मान्ना (रानात देवानं दिलेलं अन्न) गोळा करावा लागत होता, तंबू झाडावे लागत होते, हे विसरू नका. थांबणं म्हणजे नोकरीचा अर्ज न भरता देवाची वाट बघणं, असा अर्थ काढून बसलेली धडधाकट मुलं मी बघितली आहेत. अर्जाला शेवटची तारीख असेल तर ती तारीख हीच तुमच्या थांबण्याची मर्यादा. त्या दिवशी जेवढं कळलंय तेवढ्यावर ठरवा.

निघायचं कधी

प्रेषितांची कृत्ये १६ हा माझा आवडता नकाशा आहे. प्रेषित पौलाला आशियात (आजच्या तुर्कस्तानातला तेव्हाचा रोमन प्रांत) वचन सांगायचं होतं, आत्म्यानं मना केलं. मग बिथुनियाकडे जायला बघितलं, तेही नाही. शेवटी समुद्राकाठी त्रोवसला येऊन टेकले आणि रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा माणूस "इकडे ये" म्हणाला. दोन गोष्टी लक्षात घ्या. पौल घरी बसून दृष्टान्ताची वाट बघत नव्हता; चालत होता आणि अडवला जात होता. आणि दृष्टान्त एकट्या पौलाला झाला तरी पुढच्या वाक्यात "आम्ही" अनुमान काढलं असं लिहिलंय. सकाळी बसून चौघांनी बोलून ठरवलं असणार.

मग ते मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरी गेले आणि काय मिळालं? लुदिया नावाच्या बाईचं घर उघडलं, आणि थोड्याच दिवसांत फटके आणि तुरुंग. मार्ग बरोबर असला की सगळं सुरळीत होतं, हा समज इथे मोडतो. शांती असेल तर देवाची इच्छा, अडचण आली तर नाही, अशी सरळ फूटपट्टी लावली असती तर पौल दुसऱ्याच दिवशी परत फिरला असता.

याला आपल्या ठाण्यातलाच दाखला आहे. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी इराणकडच्या होर्मुझहून केरळातल्या कोल्लमला जायला गलबतात बसले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा देमेत्रियस. भाडं कोल्लमचं ठरलं होतं, गलबत त्यांना घेऊन आलं ठाण्याला, त्यांच्या मनाविरुद्ध. इथेच त्यांचा वध झाला. काही वर्षांत ओदोरिक नावाचा त्यांचाच एक प्रवासी बंधू आला आणि त्यांच्या अस्थी घेऊन पुढे चीनपर्यंत गेला. या हकिकतीवरून "म्हणजे ते चुकीच्या बंदराला लागले का?" असा प्रश्न मला एका कॉलेजच्या पोरीनं विचारला होता. मी तिला सांगितलं, गलबत चुकीच्या बंदराला लागलं, ते नाही. अजून काही सांगता आलं नाही, आणि यापेक्षा जास्त सांगणाऱ्यावर माझा विश्वासही बसत नाही.

माझ्या दहेजचं काय झालं? आकाशवाणी झाली नाही. स्वप्न पडलं नाही. बायको म्हणाली, तुम्ही गेलात तर मी आईंचं करीन, पण शाळा सोडावी लागेल. विधवा आजी म्हणाली, "तू खुर्चीसाठी चाललायस." पाळकसाहेब म्हणाले, दोन्हीत पाप नाही, तुम्ही ठरवा. मेव्हण्याची ती ओळ रोज लोकलमध्ये देवापुढे ठेवत होतो, आणि एका आठवड्यात लक्षात आलं की ती वाचताना आता काही होत नाही. मग हिशेब घेतला. पैसे थोडे कमी पडले, काही वर्षं एका दुकानात हिशेबाचं काम केलं. नाताळात मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं केलंत," आणि ताटात बिर्याणी वाढून घेतली.

ठरलं की पत्र टाका, फोन करा, पैसे भरा. त्यानंतर लोकर बाहेर ठेवायची नाही. परिस्थिती खरोखर बदलली, नवी माहिती हाती आली, तर पुन्हा बसायला हरकत नाही. नुसती भीती परत आली म्हणून बसू नका. दोन्ही वाटा चांगल्या असतील, सगळं करूनही तराजू समान राहत असेल, तर जी जास्त आवडते ती घ्या आणि "प्रभूची इच्छा असेल तर" एवढं जोडा, बायबलातल्या पत्रात याकोबानं सांगितल्याप्रमाणे. आवडणारी वाट म्हणजे देवाची नसणारच, हाही एक विचित्र समज आपल्यात आहे.

साक्ष देताना

सगळं पार पडलं की रविवारी साक्षीला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभं करतात. तिथे मोह होतो. घडलेल्याला थोडी फोडणी दिली की लोक सरसावून ऐकतात, आणि मागच्या बाकावरच्या एखाद्या पोराला वाटायला लागतं की देव सगळ्यांशी बोलतो, माझ्याशीच तेवढा बोलत नाही. म्हणून घडलं तेवढंच सांगा: मला काय हवं होतं, कशाची भीती होती, कुणाला विचारलं, काय माहिती काढली, किती थांबलो, काय ठरवलं. दृष्टान्त झाला असेल तर जरूर सांगा. झाला नसेल तर "मला आतून वाटलं" याला "देव माझ्याशी बोलला" करू नका. टाळ्या कमी पडतील. माईक पुढच्याला द्या आणि खाली बसा.